झालंय की नाही?

जुलै महिना, खाचरात पोटरीभर चिखल, हातात इंद्रायणीच्या रोपांची मूठ आणि माझी बोटं पांढरी. खडूसारखी पांढरी. थोड्या वेळानं जांभळी व्हायची, आणि घरी येऊन चुलीपाशी बसलं की लाल होऊन ठणकायला लागायची. आजीचं निदान ठरलेलं होतं: अंगात रक्त कमी आहे, नाचणी खा. तीन पावसाळे मी नाचणी खाल्ली.

आमचं घर कामशेतपासून आत, पवनेच्या बाजूला. नोकरी लोणावळ्यात, एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये. तिथे आत एसी आणि बाहेर धो धो पाऊस, म्हणजे बोटांची सुटका कुठेच नाही. चौथ्या पावसाळ्यात एका डॉक्टर मॅडमनी हात नीट पाहिले आणि म्हणाल्या, याला रेनॉड म्हणतात. मोरिस रेनॉड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. थंडीत बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या नको इतक्या आवळतात. बहुतेकांचं तेवढ्यावरच थांबतं. थोड्यांच्या बाबतीत मात्र ती स्क्लेरोडर्माची पहिली चाहूल असते. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच पेशींवर उलटते, कातडी घट्ट होत जाते, आणि काहींची फुप्फुसं, मूत्रपिंडं, आतडीही त्यात सापडतात. आपण यातल्या कुठल्या बाजूला, याचा अंदाज रक्तावरून येतो, असं त्या म्हणाल्या.

रिपोर्ट आला तेव्हा मी लोकलमध्ये होते, मळवलीच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. एएनए पॉझिटिव्ह, १:६४०, सेंट्रोमिअर पॅटर्न. लोणावळा येईपर्यंत मी गूगलवर स्वतःची बोटं, चेहरा आणि फुप्फुसं गमावून बसले होते.

नंतर शांतपणे वाचलं. ही तपासणी अशी होते: आपल्या रक्तातला पातळ भाग घेतात, तो पाणी घातल्यासारखा विरळ विरळ करत जातात आणि काचपट्टीवरच्या मानवी पेशींवर सोडतात. आपल्या रक्तात त्या पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर त्या तिथे जाऊन चिकटतात, आणि रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की हिरव्या चमकतात. माझ्या पेशींत हिरवे ठिपके दिसले, मोहरी सांडावी तसे. ६४० पट विरळ करूनही दिसले.

त्या काचेवरच्या पेशी कुणाच्या, हे वाचून मी फोन खाली ठेवला. या तपासणीत वापरतात त्या पेशींचं नाव हेप-२. घशातल्या कॅन्सरच्या म्हणून त्यांची नोंद झाली, पण पुढे जनुकं तपासली तेव्हा कळलं की त्या हेला पेशी आहेत, प्रयोगशाळेतल्या सरमिसळीत जागा बळकावून बसलेल्या. हेला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स. बाल्टिमोरमधली कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, आणि तिच्या घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं गेली. माझ्याबद्दल मावळात जे काही कळलं ते तिच्या पेशींवर कळलं. कुणाच्या शरीरातली गोष्ट कुणाला कळवायची, हा प्रश्न माझ्या रिपोर्टला असा जन्मापासून चिकटलेला आहे.

पुण्याच्या रुमॅटॉलॉजिस्टनी माझ्या नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं. तिथल्या केशवाहिन्या नीट होत्या, एका ओळीत, हेअरपिनांसारख्या. मी विचारलं, ‘म्हणजे मला झालंय की नाही?’ ते म्हणाले, ‘आज नाही.’

हे उत्तर घेऊन घरी कसं यायचं, सांगा.

आकडेही मधेच लोंबकळत ठेवतात. निरोगी माणसांतही एएनए सापडतो. १:४० इतक्याच विरळ केलेल्या नमुन्यात शंभरातल्या तीसेक जणांत, १:१६० ला पाचेक जणांत. म्हणून नुसत्या एएनएवरून घाबरू नये (आणि हौसेनं फुल बॉडी पॅकेजमध्ये तो करून तर मुळीच घेऊ नये). पण माझा सेंट्रोमिअर होता, आणि तो या आजाराशी बराच जवळून बांधलेला आहे. कॅनडात रेनॉडच्या ५८६ रुग्णांवर वीस वर्षं चाललेला एक अभ्यास २००८ मध्ये छापून आला. ज्यांच्या रक्तात अशा खास अँटीबॉडी होत्या आणि नखांतल्या केशवाहिन्याही बिघडलेल्या होत्या, त्यांतल्या जवळजवळ ८० टक्क्यांना पुढे स्क्लेरोडर्मा झाला. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं, त्यांतल्या दोन टक्क्यांनाही नाही. माझ्याकडे एक आहे, एक नाही.

आजार सुरू कधी होतो? १९९६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांध्यांच्या दुखण्यांचं सर्वेक्षण केलं. तिथे सुरुवात माणसाला विचारण्यापासून होती: दुखतं का, कुठे? माणूस हो म्हणाला की पुढचं. उलट २००३ मधला एक अमेरिकी अभ्यास आहे. तिथल्या लष्करात सैनिकांचं रक्त साठवून ठेवतात. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाच्या आधीच अँटीबॉडी होत्या. काहींच्या तर नऊ वर्षं आधीपासून. त्या नऊ वर्षांत ही माणसं कवायत करत होती, सुट्टीवर घरी जात होती, लग्नं करत होती. ती आजारी होती का? मला वाटतं, नव्हती. पण हे मी त्यांच्याबद्दल जितक्या सहज म्हणते तितक्या सहज स्वतःबद्दल म्हणू शकत नाही, कारण मला कळलंय आणि त्यांना कळलं नव्हतं.

मग मामानं स्थळ आणलं. तळेगावचं, मुलगा एमआयडीसीत इंजिनिअर. आई म्हणाली, ‘सांगायचं काय त्यात? काही झालंय का तुला?’ आणि ती फाईल तिनं कपाटात तळाला, पैठणीच्या खाली सरकवली.

तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आजारी सुनेला माहेरी आणून सोडल्याच्या गोष्टी तिनं ऐकलेल्या नाहीत, पाहिलेल्या आहेत. मुलाची शुगर किती हे कुणी विचारत नाही, हेही खरं. तिचं एक वाक्य तर मला अजून खोडता आलेलं नाही: ‘कागद घराबाहेर गेला की त्यातलं कदाचित आधी गळून पडतं.’

तरी तिच्या वागण्यात एक गंमत होती. तोंडानं ती म्हणत होती काही झालेलं नाही, आणि हातानं फाईल लपवत होती. काही झालंच नसेल तर लपवायचं काय? लपवलं त्या क्षणी तिनं माझा आजार पक्का केला, डॉक्टरांनी केला नव्हता तोही. मीही तेच करणार होते. लग्नानंतर दर वर्षी फुप्फुसांची तपासणी, हृदयाची इको, त्यासाठी खोटी कारणं, पुण्याला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगणं. न झालेला आजार दोन वेळा जगायचा, एकदा भीतीत आणि एकदा खोट्यात.

आमच्या घरात पत्रिकेबद्दल मात्र काहीच संकोच नाही. मला सौम्य मंगळ आहे, हे मामा अनोळखी माणसाला पहिल्या फोनवर सांगतो. पत्रिकाही पुढचंच बोलते आणि रिपोर्टही. पण रिपोर्ट आपण किती वेळा चुकतो हे सोबत सांगतो, म्हणून तो अवघड जातो. मंगळाला शांत करता येतं. ‘आज नाही’ला काय करणार?

सांगायला मी कुणाला बांधील आहे, यावर मी बरेच दिवस घालवले. मामाला नाही. शेजारच्या काकूंना तर नाहीच. आणि रक्तात काय आहे ते सगळ्या जगाला सांगण्याचा प्रामाणिकपणा मला मान्यही नाही, तो एक प्रकारचा हट्टच. पण मूल कधी होऊ द्यायचं हे जो माझ्यासोबत ठरवणार, दवाखान्याच्या बाकावर जो बसणार, त्याच्या आयुष्यातही हा आकडा येणार आहे. त्याला न सांगणं म्हणजे त्याच्या वतीनं मीच परस्पर होकार देणं. मला न विचारता कुणी माझं काही ठरवलं असतं तर मला चाललं असतं? हेन्रिएटाच्या मुलांना चाललं नव्हतं.

लोणावळा स्टेशनबाहेर चहा घेताना मी त्याला सांगितलं. धबधबा बघायला आलेल्या पोरांचा गोंगाट होता, त्यामुळे ‘अँटीबॉडी’ हा शब्द मला तीनदा ओरडून म्हणावा लागला. त्यानं विचारलं, ‘म्हणजे झालंय की नाही?’

‘आज नाही,’ मी म्हणाले.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पीडीएफ पाठव. मी पाठवली, सोबत ५८६ जणांच्या त्या अभ्यासाची लिंकही. निळ्या टिक आल्या. उत्तर आलं नाही.

दोन दिवसांनी मामाचा फोन वाजला. मुलाकडच्यांना माझी जन्मवेळ हवी होती, मिनिटासकट. त्यानं घरी सांगितलं आहे की नाही, हे मामाला विचारायची सोय नव्हती. आईनं वेळ सांगितली, सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं, आणि माझ्याकडे न बघता कपाटातून फाईल काढून टेबलावर ठेवली. नोव्हेंबरात पुन्हा तपासणी आहे.