नक्कल आणि अमानत

घराच्या भिंतीवर माणसाचे चित्र असावे की नसावे, हा वाद आपल्या घरांत जुना आहे. तसबीर असलेल्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत, असे सांगणारी थोर मंडळी काबा-मदिनेचे चित्र आणि आयतीची चौकट यांवर समाधान मानीत. आज त्याच घरांत निकाहचे अल्बम आहेत आणि हजला जायचे तर पासपोर्टवर फोटो लागतोच. उलेमांत याविषयी मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे, असे आम्ही मानतो. पण या वादात दुसरा एक प्रश्न मागे राहून जातो. भिंतीवरचे चित्र जायज की नाजायज, हे आपण विचारतो. ते खरे बोलते की खोटे, हे विचारीत नाही.

आमच्या बैठकीत एक चित्र आहे. हातात दिवा घेतलेली एक तरुणी. दुसऱ्या हाताचा तिने आडोसा केला आहे, बोटांतून उजेड झिरपतो आहे आणि चेहरा उजळला आहे. कॅनव्हासवर तैलरंगात, हाताने केलेली नक्कल. विकणाऱ्याने सांगितले, ‘राजा रविवर्म्याचे आहे.’ आम्हीही आल्या-गेल्याला वर्षानुवर्षे तेच सांगितले.

खरी गोष्ट वेगळी आहे. हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेला हा मराठी चित्रकार. 1945-46च्या सुमारास त्यांनी ते काढले, तेव्हा रविवर्मा जाऊन चाळीस वर्षे होत आली होती. समोर उभी होती ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे आणि ते तैलरंगातले नाही, जलरंगातले आहे. जलरंगात उजेड येतो तो खालच्या कागदाच्या पांढरेपणातून. तैलरंगात तो पांढरा-पिवळा रंग वर चढवून आणावा लागतो. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या दिव्याचा उजेडसुद्धा वेगळ्या जातीचा आहे.

मग आमच्या घरात खोटे काय? नक्कल खोटी आहे का? तसे आम्हाला वाटत नाही. म्हैसूरला जाणे सगळ्यांना जमत नाही. ज्याने तासन् तास बसून ती बोटे रंगवली, त्याच्या मेहनतीत कपट नाही. कायद्याचा प्रश्न निराळा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो आणि हळदणकर 1968 साली गेले. तो हिशेब 2028 अखेर संपेल. पण आमचा प्रश्न त्यानंतरही संपणार नाही.

हे मनात घोळत असताना आम्ही रिद्धपूरला गेलो. अमरावती जिल्ह्यातले, मोर्शी तालुक्यातले हे गाव, गोविंदप्रभूंचे, महानुभावांचे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी इथेच, सुमारे 1278 साली, ‘लीळाचरित्रा’त गुंफल्या. नागदेवाचार्यांना विचारले, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन खातरजमा केली. त्या मूळ पोथीचे काय झाले? परंपरा सांगते, सुलतानी फौजांच्या धाडीत ती गेली. हे ऐकताना आम्हा मुसलमानांना नजर चोरायचे कारण नाही. त्या फौजांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. पोथी गेली याचे दुःख मात्र आमचेही आहे, कारण ती आमच्या मायबोलीची पोथी होती.

मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली. सगळ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत. तेव्हा त्यांनी काय केले? एकच पाठ खरा म्हणून बाकीचे पुसून टाकले नाहीत. कोणाची ‘वासना’, म्हणजे कोणाच्या आठवणीतला पाठ, हे नावानिशी नोंदले. आज आपण ‘लीळाचरित्र’ वाचतो ते या नकलांच्या नकलांतून. तरी त्याला कोणी खोटे म्हणत नाही.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. हदीस सांगणारा आधी सनद सांगतो: मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून. साखळीतला एक माणूस गाळला की हदीस कमजोर ठरते, मग शब्द कितीही गोड असोत. रिद्धपूरच्या महानुभावांनी आणि आपल्या मुहद्दिसांनी एकमेकांना विचारले नव्हते; पण ऐकलेली गोष्ट ही अमानत आहे आणि ज्याची त्याचे नाव सांगूनच ती पुढे द्यायची, हे दोघांनाही कळले होते.

आमच्या भिंतीवर तुटली आहे ती ही साखळी. हळदणकरांचे नाव गेले, त्या जागी बाजारात जास्त चालणारे नाव आले. आणि ज्याने प्रत्यक्ष रंगवले त्याचे नाव तर कोणी विचारलेच नाही. दोघांचेही देणे आमच्यावर राहिले. कोणी म्हणेल, मेलेल्या चित्रकाराला काय फरक पडतो? त्याला पडत नसेल. पण त्या चित्राखाली बसून आम्ही मुलांना खरे बोलायला शिकवतो, त्यांना पडतो. शिवाय आपल्या समाजाविषयी ऐकीव गोष्टी सनदीशिवाय फिरतात तेव्हा आपण कळवळतो. मग दुसऱ्याच्या बाबतीत आपणच तसे कसे वागावे?

चित्र उतरवावे असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते. आम्ही ते उतरवले ते फक्त तासाभरासाठी. चौकट उलटी करून मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले: मूळ चित्र सा. ल. हळदणकर, जलरंग, म्हैसूर. ही नक्कल, तैलरंग. तिसऱ्या ओळीत नक्कल करणाऱ्याचे नाव हवे होते. विकत घेताना विचारले नाही, म्हणून ती ओळ अजून कोरी आहे.