पावसाळ्यातली हिरवळ

रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. अंगणातली हिरवळ तेव्हा पाण्यानेच गुदमरते. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती मिळत नाही. म्हणून मे महिन्यातच अंगणाला हलका उतार द्यावा. ओल्या गवतावर चालणं टाळावं, माती दबते. कापताना एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नये. मुळांचं अन्न पात्यातच तयार होतं. आणि हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, किती चिवट! उन्हाळ्यात वरून वाळते, तरी जमिनीखालचे कोंब जिवंत असतात. पहिल्या सरीआधीच ती उपटून टाकू नका, तिला थोडे दिवस द्या.