कौल न देणारा देव

आजचं वाचन अठराव्या अध्यायातलं, श्लोक १४ आणि ६३. दोन्ही एकत्र घेतोय, कारण प्रवेशाचे दिवस आहेत आणि बऱ्याच घरांत कुणीतरी सीईटी सेलचं पोर्टल रिफ्रेश करत बसलंय. आमच्याकडे माझा भाचा बसलाय. इंजिनिअरिंगची सीईटी दिली, बीबीएचीही दिली. दोन्ही याद्या यायच्यात. पहिली कुठली लागेल यापेक्षा दोन्ही लागल्या तर काय, याचीच त्याला जास्त धास्ती.

चौदाव्या श्लोकात भगवंत कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगतात : जागा, करणारा, साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. आता पर्सेंटाइल म्हणजे काय ते बघा. तुझे मार्क किती, हे तो सांगतच नाही. तू किती जणांच्या पुढे, ते सांगतो. कटऑफही तू ठरवत नाहीस, तुझ्या पुढच्या हजारो अनोळखी मुलांनी काय भरलं त्यावरून तो ठरतो. हे पाचवं कारण. पण त्याच्याआधी चार आहेत, हे आपण सोयीने विसरतो.

कॅपचा ऑप्शन फॉर्मच घ्या. मेरिट नंबर आला की प्रोग्रॅम तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा मिळते तिथे थांबतो. २०२५च्या इंजिनिअरिंग प्रवेशात तर पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच घ्यावा लागायचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे ‘शेजारचा भरतोय म्हणून वर टाकलं’ हे चालत नाही. जे खरंच हवंय तेच वर लिहायचं. एवढी चेष्टा आपली. फॉर्म सबमिट झाल्यावर दर पाच मिनिटांनी रिफ्रेश मारणं ही श्लोकातल्या अर्थाने चेष्टा नव्हे. मराठी अर्थाने आहे.

भाचा मला म्हणाला, “मामा, तू रोज गीता वाचतोस. त्यात काय लिहिलंय, कुठलं घेऊ?” माझी आई म्हणाली, देवापुढे दोन चिठ्ठ्या टाका. कौल लावण्याच्या परंपरेला मी हसत नाही; कोकणात माणसं त्या श्रद्धेवर घरं बांधतात. पण दुसऱ्या अध्यायात अर्जुनानेही हेच मागितलं होतं : मला काही सुचत नाही, जे हिताचं ते निश्चित सांग. समोर साक्षात देव, तेव्हा चिठ्ठीचीही गरज नव्हती. आणि अठरा अध्याय सगळं उलगडून सांगितल्यावर त्रेसष्टाव्या श्लोकात देव म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर.

मला हा श्लोक कायम थोडा भीतीदायक वाटत आलाय.

बरं, त्याच्या तीनच श्लोक आधी देव हेही सांगतात की नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला ओढून नेईल. म्हणजे विचार करायचा तो आधी स्वभावाचा. पॅकेजचा नंतर. भाच्याचा स्वभाव आम्ही सगळे ओळखतो. दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. हा नववीपासून उधारीची वही सांभाळतो, कुणाला आठवण करायची आणि कुणाला महिनाभर सोडायचं हे त्याला दाजींपेक्षा जास्त कळतं. फिजिक्स मात्र रेटून केलं. दाजींना तो दुकानाबाहेर पडायला हवाय. उभं आयुष्य काउंटरमागे गेलं, मुलाने तरी एसीत बसावं. यात चूक काय काढणार?

घरातलं दुसरं मत असं की इंजिनिअरिंग करून एमबीएला जाता येतं, बीबीए करून बीटेकला जाता येत नाही, म्हणून दार उघडं ठेव. मुद्दा खरा आहे. मी स्वतः इंजिनिअर आहे, ते शिक्षण मला आवडलं. पण नुसतं दार उघडं ठेवायला चार वर्षं गणिताचे पेपर देत केट्या सोडवणारी मुलं मी हॉस्टेलवर बघितलीत, आणि त्यांना दारापर्यंत पोचायला किती त्रास झाला तेही.

आणि दुकान हलकं असतं हे कुणी सांगितलं? तुकोबा देहूचे वाणीच. दुष्काळात धंदा बुडाला, तेव्हा येणं असलेल्या कर्जखतांतला धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्यांनी त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. वैराग्याची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. मला त्यातली वाटणी जास्त दिसते. जे माझं तेच बुडवायचं, भावाचं नाही. हिशेब पक्का होता.

भाच्याला मी एवढंच म्हटलं की मला विचारतोस ते दाजींना विचार, आणि गुरुवारी यादी लागायच्या आधी विचार. यादी लागल्यावर ते बोलणं जागेबद्दल होईल, तुझ्याबद्दल नाही. तो गप्प बसला. दाजींशी बोलणं त्याला फिजिक्सपेक्षा अवघड जातं.

पुढे सहासष्टाव्या श्लोकात शरण ये असंही देव म्हणतात, मग विचार कशाला, असं काहीजण विचारतील. क्रम बघा : त्रेसष्ट आधी, सहासष्ट नंतर, आणि त्र्याहत्तराव्यात अर्जुन म्हणतो, संशय गेला, आता करतो. शरण गेल्यावरही धनुष्य त्यालाच उचलावं लागलं.

उद्या श्लोक ६४. राम कृष्ण हरी.