निरंक आणि कोरं

सरकारी कचेरीत ‘निरंक’ हा शब्द फार कामाचा आहे. वरून माहिती मागवली आणि कळवण्यासारखं काहीच नसलं, तरी रकाना कोरा सोडून चालत नाही. ‘निरंक’ लिहून, सही करून कागद पाठवावा लागतो. निरंक म्हणजे पाहिलं, काही नव्हतं. कोरं म्हणजे पाहिलं की नाही, कोण जाणे.

वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेत नवशिक्या हमखास अडखळतो, तो याच भेदावर. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे आणलेल्या या भाषेत ‘एम्प्टी’ नावाची एक सोय आहे. व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायची नाव दिलेली जागा, रिकामं आहे का, असं तिला विचारलं की ती हो किंवा नाही सांगते. वापरायला सोपी, म्हणून जो तो तीच वापरतो.

आता समजा, परंडा तालुक्यातल्या पावसाच्या नोंदीसाठी कुणी एक छोटा फॉर्म बनवला. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि मिलिमीटरचा आकडा भरायचा. हा भाग कमी पावसाचा, त्यामुळे भर पावसाळ्यातही शून्याचे दिवस पुष्कळ. तालुक्यातल्या सोनारी गावच्या माणसाने मापक पाहिलं, कोरडं होतं. त्याने इंग्रजी आकड्यात शून्य भरून पाठवलं. पडद्यावर उत्तर आलं: ‘पावसाचा आकडा भरा.’ त्याने पुन्हा शून्य भरलं, पुन्हा तेच उत्तर.

चूक त्याची नाही, रकाना ‘एम्प्टी’ने तपासणाऱ्या फॉर्मची आहे. ‘एम्प्टी’च्या लेखी न आलेलं व्हेरिएबल, ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही अशी खूण), कोरा मजकूर, असत्य, रिकामी यादी आणि शून्य हे सगळं एकाच पोत्यातलं. फॉर्ममधून येणारं शून्य खरं तर मजकूर असतो, पण तो एकुलता एक अंकही ती रिकामाच धरते. तोच माणूस मराठी कीबोर्डवरून शून्य टाइप करेल, तर मात्र ते बिनबोभाट आत जाईल. पीएचपीला ते नुसतं एक अक्षर वाटतं. नुसती स्पेस दाबली तरी रकाना भरलेला ठरतो. म्हणजे खरं शून्य दाराबाहेर आणि पोकळ स्पेस घरात!

‘एम्प्टी’ मुळात ‘इथे काही आहे का’ असं विचारतच नाही. ‘इथलं जे आहे ते खोट्यात जमा होतं का’, असं ती विचारते. आपल्याला हवे असतात वेगळे प्रश्न, तेही एकेक करून. रकाना आला का? ते ‘इझसेट’ सांगते. कडेच्या स्पेस काढल्यावर मजकूर कोरा उरतो का? ते तीन बरोबर-चिन्हांच्या काटेकोर तुलनेने कळतं. उरलं ते संख्या आहे का? मराठी अंक आधी बदलून घेतले, की हेही तपासता येतं.

एवढा खटाटोप कशाला? पाच मापकं धरा. दोन ठिकाणी १२ आणि ८ मिलिमीटर, दोन ठिकाणी शून्य आणि एका ठिकाणची नोंदच आली नाही. खरी सरासरी चार नोंदींची, ५. शून्यं रिकामी समजून गाळली तर १०. न आलेली नोंद शून्य धरली तर ४. पाऊस तोच, पण दहाचा आकडा दुष्काळ झाकतो आणि चारचा तो वाढवून सांगतो.

पावसाचा खंड मोजताना तर हे आणखी बोचतं. सलग कोरड्या दिवसांच्या मधोमध एका दिवसाची नोंद नसली, तर खंड चालू राहिला की तुटला? प्रामाणिक प्रोग्रामने इथे तर्क लढवू नये. त्या दिवसाच्या जागी ‘नल’ ठेवावं, म्हणजे रकाना कोराच राहू द्यावा. निरंक लिहिण्याचा अधिकार मापकात डोकावून आलेल्याचाच.