निमित्त

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, मी १९ वर्षं प्रवास केला. तिथे ओळखीची सुरुवात ठरलेली असायची. “तुम्ही कुठे उतरणार?” घाटकोपर किंवा दादर असं उत्तर आलं की सीट सांगून ठेवायची. महिनोन् महिने एकाच बाईकडून सीट घेतली की तिच्या पिशवीतली मेथी निवडायला आपला हात आपोआप पुढे व्हायचा. तिच्या मुलाचे दहावीचे मार्क कळायचे, सासूचं दुखणं कळायचं. आडनाव मात्र बहुतेक वेळा कळायचंच नाही. दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी आम्ही डब्यात झेंडूच्या माळा बांधायचो, पूजा करायचो, मोटरमनला हार आणि पेढे द्यायचो.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि माझं काम घरी आलं. गाड्या पुन्हा धावू लागल्या तरी काम बरंचसं घरीच राहिलं. रोजचे तीन तास वाचले, आणि त्यांची किंमत मला माहीत आहे. आईच्या अखेरच्या दोन वर्षांत मी रोज दुपारी तिच्या शेजारी बसून जेवले. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, ज्यांचं मूल तान्हं आहे, त्यांच्यासाठी तर घरून काम म्हणजे नोकरी टिकणं. शिवाय लोकलमधून पडून माणसं मरतात. त्या गर्दीचे गोडवे मला गाता येणार नाहीत.

पण काय गेलं ते आईच्याच आजारात कळलं. तिच्या एका तपासणीसाठी कुठे जावं, कुणाला विचारावं, सुचेना. जवळच्या मैत्रिणींना फोन केले. त्या हळहळल्या, पण त्यांनाही माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि मला आठवली घाटकोपरला उतरणारी, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारी ती. चार वर्षं तिच्या सीटवर मी बसले होते. तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतो?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली नेमकी ही गोष्ट मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ही ओळख किती दाट होती? बहुतेकांना बातमी दिली होती ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाने. कारण साधं आहे. जिवलगांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून. घरून काम सुरू झाल्यावर आधी विरतात ते हेच धागे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्कांचा अभ्यास झाला. आपापल्या गटातला संवाद दाट झाला होता, गटांना जोडणारे दुवे कमी झाले होते. आमच्या ऑफिसात हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या टीममधल्या सहा जणांची खडान्‌खडा माहिती मला आहे, आणि अकाउंट्समध्ये आता कोण बसतं हे ठाऊक नाही.

त्याआधी, २०१०-११ मध्ये, सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग झाला होता. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. तरीही पुढे निवडीची मोकळीक मिळाल्यावर त्यातले निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसात परतले. त्यांची मोठी तक्रार होती एकटेपणाची. कामात यश मिळत असूनही माणसं परत येतात, ही बाब मला फार बोलकी वाटते.

मग घरून काम आणि माणसांचा सहवास यांचं जमतच नाही का? इथे मला आपल्याकडच्याच बायका आठवतात, ज्यांनी घरून काम केलं पिढ्यान् पिढ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच लिज्जत. पापड लाटायचे घरी. पण सकाळी केंद्रावर जायचं, लाटलेले पापड द्यायचे, मजुरी आणि नवं पीठ घेऊन यायचं. सोलापूरच्या विडी कामगार बायकांचंही तसंच. विड्या वळायच्या घरात, पण त्या मोजून द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला कारखान्याच्या शाखेत जायलाच हवं. हे काम सुखाचं नव्हतं. मजुरी तुटपुंजी, तंबाखूची धूळ छातीत. पण शाखेच्या त्या रांगेत रोज शेकडो बायका एकमेकींशी बोलत. त्याच कामगारांच्या युनियनने आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी लढा दिला आणि २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्या रांगेशिवाय ती उभी राहिली असती, असं मला वाटत नाही.

पीठ आणायचं असतं म्हणून जावं लागतं, आणि जावं लागतं म्हणून भेट होते. आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, निमित्त. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बायकांना संक्रांतीचं हळदीकुंकू निमित्त देत असे. उंबरा ओलांडण्याची परवानगी मागावी लागत नसे. माणसं भेटायला उत्सुक असतात, तरी केवळ उत्सुकतेवर भेट घडत नाही. “भेटू एकदा” म्हणून आपण वर्षं घालवतो. घरून काम करताना निमित्तच नाहीसं झालं आणि प्रत्येक भेट ज्याच्या त्याच्या इच्छेवर आली.

आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस ऑफिसला यायचं, वार ज्याचा त्याने निवडायचा. मी मंगळवारी जाते. आजूबाजूची टेबलं रिकामी असतात आणि मी कानाला हेडफोन लावून घरी बसलेल्यांशी बोलते. सगळ्यांनी बुधवारीच यावं, असं मी सुचवून पाहिलं. सांगलीला परत गेलेल्या एका तरुण सहकाऱ्याने विरोध केला. तो म्हणाला, “ताई, इथे मी दहा वर्षांनी गल्लीच्या मंडळात वर्गणी मागायला फिरलो. बुधवारसाठी दोन दिवस प्रवासात गेले तर हे पुन्हा सुटेल.” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. माझा डबा रिकामा झाला तेव्हा त्याची गल्ली भरली, हे खरंच आहे. मात्र त्यालाही माणसं मिळाली ती वर्गणीच्या पावतीपुस्तकामुळे.

यंदा दसऱ्याच्या आधी डब्यातल्या जुन्या मैत्रिणीचा निरोप आला. पूजा आहे, ये. तो माझा ऑफिसचा वार नव्हता. पास कधीच संपलेला. तिकीट काढलं, शेवंतीची वेणी आणि अर्धा किलो पेढे घेऊन चढले. निम्मे चेहरे नवे होते. घाटकोपरची ती कुठे दिसते का पाहिलं, दिसली नाही. खिडकीपाशी झेंडूची माळ बांधणाऱ्या एका मुलीने दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “काकू, तुम्ही कुठे उतरणार?”