शिट्टी आणि सचोटी

रग्बी लीगच्या खेळात पाडलेल्या गड्याच्या अंगावरून उठायला मुद्दाम उशीर करतात. तेवढ्यात आपला बचाव सावरतो. शिट्टी वाजली तर रसिक पंचाला दोष देतात, न वाजली तरी देतात! एके काळी एकाच संघाला चेंडू हवा तितका वेळ आपल्याकडे ठेवता येई. सिडनीच्या सेंट जॉर्ज संघाने १९५६ ते १९६६ अशी ओळीने ११ अजिंक्यपदे मिळवली. १९६७ साली चार पकडींची मर्यादा आली. त्याच वर्षी ती मालिका तुटली. पुढे चाराच्या सहा झाल्या. पण पकडी मोजता येतात. उठण्यातली लबाडी कशी मोजावी? मास्तरकी करताना मला एवढेच उमगले आहे: गडी स्वतःचा पंच झाला नाही, की सारा खेळ शिट्टीच्या हाती जातो. मग हरलेल्याला हार पटत नाही आणि जिंकलेल्याला जीत पचत नाही.