यंत्राचा शब्द आणि माणसाची हाक



आजारी माणसाला मोठ्या इस्पितळात नेले की आपण डॉक्टरांइतकाच तेथील यंत्रांवरही विश्वास टाकतो. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, म्हणून ते चुकत नाही असे आपण धरून चालतो. परंतु यंत्र एक सांगते आणि रुग्ण दुसरेच सांगतो, तेव्हा आपण कोणाचे ऐकावे?

कर्करोगावर किरणोपचार करणारे ‘थेरॅक-२५’ हे यंत्र कॅनडातील एका सरकारी कंपनीने बनविले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे ते चालविणाऱ्या बाईंच्या हातून एक अक्षर चुकीचे टाइप झाले. त्यांनी ते लगेच सुधारले. ही घाई संगणकाच्या आज्ञावलीला झेपली नाही आणि किरणांचा प्रचंड झोत बाहेर पडला. पडद्यावर मात्र ‘बिघाड ५४’ एवढेच उमटले आणि मात्रा कमी पडल्याचे दिसले. असे संदेश वारंवार येत, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे पुढे जाण्याचे बटण दाबले. आतल्या रुग्णाला दुसरा झटका बसला. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकण्याची सोयही बिघडलेली होती. रुग्णाची हाक कोणापर्यंत पोहोचलीच नाही.

कंपनीचे तंत्रज्ञ आले. त्यांना बिघाड सापडला नाही. अधिक मात्रा जाणे अशक्य आहे, असे सांगण्यात आले. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग ओढवला. दोघेही त्याच वर्षी मरण पावले. शेवटी इस्पितळातील भौतिकशास्त्रज्ञाने त्या बाईंना सोबत घेऊन तोच क्रम पुनःपुन्हा करून पाहिला, तेव्हा दोष उघड झाला.

मग दोषी कोण? संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. जे जाणून घेणे आपल्या आवाक्यातच नव्हते, त्याचा दोष आपल्यावर येत नाही. परंतु जे जाणता येत होते आणि जाणणे कर्तव्य होते, ते न जाणणे हा अपराध आहे. बटण दाबणाऱ्या बाईंचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते. पण एकामागून एक तक्रारी येऊनही ‘अशक्य आहे’ म्हणणाऱ्यांचे अज्ञान तसे म्हणता येईल का?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज्ञावलीतला हाच दोष आधीच्या ‘थेरॅक-२०’ यंत्रातही होता. पण त्यात झोत अडविणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे होती, त्यामुळे फक्त फ्यूज उडत आणि माणूस वाचत असे. नव्या यंत्रात ती कुलपे काढून सारा भार आज्ञावलीवर टाकण्यात आला. कुलूप लावणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. आपणही चुकू शकतो, या नम्रतेची ती खूण आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्याने संगणक ठप्प झाले, तेव्हा कित्येक दिवस कागद-पेनानेच कामकाज चालवावे लागले. यंत्र बंद पडले तरी सेवा बंद पडता कामा नये, याची तयारी आधीच करावी लागते.

आपल्या धर्मग्रामातील कित्येक मुली परिचारिका आहेत, काही तरुण तंत्रज्ञ आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू : पडद्यावरचा आकडा जरूर वाचा, पण खाटेवरच्या माणसाचा चेहराही वाचा. ‘मला भाजल्यासारखे झाले’ असे तो म्हणाला तर त्याची नोंद करा, वरिष्ठांना कळवा आणि खात्री होईपर्यंत थांबा. थांबल्यामुळे बोलणी बसतील, रांग खोळंबेल. ते सोसावे. आणि ज्यांच्या हाती इस्पितळाचा कारभार आहे, त्यांनी थांबणाऱ्याला शिक्षा करू नये. वेदनेची हाक हाही एक पुरावा आहे आणि तो ऐकण्याचे काम आपल्याला यंत्राकडे सोपविता येणार नाही.